फोटो आला का?

मराठीत फोटो 'काढला' जातो, पण तो चांगला की वाईट हे सांगताना काढणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. 'फोटो छान आला', 'फोटो उठला नाही', 'तिचा फोटोच चांगला येत नाही' असं आपण म्हणतो. पाऊस येतो, पीक येतं, तसा फोटो येतो किंवा येत नाही. १९८२ ते २०१६ अशी चौतीस वर्षं उमरग्यात स्टुडिओ चालवताना ही वाक्यं मी काउंटरवर रोज ऐकली. पाकिटातून प्रिंट बाहेर निघायची, घरातली बाई ती उजेडाकडे धरायची आणि एका वाक्यात निकाल द्यायची. छायाचित्रणावर मराठीत आणि इंग्रजीत जे लिहिलं गेलं आहे, त्यातलं थोडंफार मी नंतर वाचलं. त्यात या निकालाला फारशी जागा मिळालेली दिसली नाही. व्यक्तिचित्र चांगलं कशाला म्हणायचं आणि ते कुणी ठरवायचं, हा प्रश्न मला त्या काउंटरवरून तपासून पाहायचा आहे.

ठरवण्याचा हा हक्क सुरुवातीला फोटोतल्या माणसाकडे नव्हता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळातल्या एतद्देशीय छायाचित्रकारांमधली ठळक नावं. म्हणजे आपली माणसं कॅमेऱ्यामागे फार लवकर उभी राहिली. कॅमेऱ्यासमोर मात्र ती बराच काळ नमुना म्हणून उभी होती. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातिजमातींवर दोन खंड काढले. त्यांतल्या कितीतरी चित्रांत माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच छायाचित्रातून आणून जोडलेला आहे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. साडेचारशेहून जास्त छायाचित्रं, चेहऱ्याखाली बहुतेक ठिकाणी जातीचं किंवा जमातीचं नाव, आणि सोबत त्या समूहाचा 'स्वभाव' सांगणारा मजकूर. माणूस एक, ओळख सगळ्या जमातीची. फोटो 'आला' की नाही, हे त्या माणसाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचा सर्वांत मोठा छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ (१८४४–१९०५). रूडकीला अभियांत्रिकी शिकलेला, इंदूरला सरकारी नोकरी केलेला हा माणूस सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. त्यांचा स्टुडिओ सिकंदराबादेत होता, नंतर मुंबईतही निघाला. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला. दीनदयाळ यांच्या सरदार-नवाबांच्या फोटोंत बसणाऱ्याचा मान पहिल्या नजरेत कळतो: तलवार कुठे, हात कुठे, नजर कुठे. याच काळात औरंगाबादकडच्या दुष्काळ निवारणाच्या कामांचे फोटोही त्यांच्या नावावर आहेत, आणि तिथे माणसं गटानं दिसतात. कॅमेरा तोच, सफाई तीच. फरक पडला तो पैसे कुणी दिले आणि प्रिंट कुणाच्या घरी गेली यानं. दुष्काळाच्या फोटोतल्या माणसाच्या घरी त्याचा फोटो कधी पोचला असेल, असं मला वाटत नाही.

गावोगावच्या स्टुडिओनं हा व्यवहार उलटा केला, आणि माझ्या मते मराठवाड्यातल्या छायाचित्रणातली ही सर्वांत मोठी घटना आहे. लोहाऱ्याकडचा किंवा आळंद रस्त्यावरचा शेतकरी बाजाराच्या दिवशी यायचा, पैसे मोजायचा आणि मग आपण कसं दिसायचं ते सांगायचा. स्टुडिओत कोट टांगलेला असे, टाय असे, भिंतीवर रंगवलेला पडदा असे. मनगटावर घड्याळ असेल तर ते दिसलंच पाहिजे, नसेल तर मागून घ्यायचं. खिशाला पेन लावायचं, ते लिहिता न येणाऱ्यानंही. पहिल्या दोन-तीन वर्षांतच मला कळलं की हा खोटेपणा म्हणून हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. ज्याला सरकारी कागदावर फक्त अंगठा उमटवता येतो, तो इथे पेन लावून बसतो. स्वतःविषयीचा एक अर्जच तो सादर करत असतो.

या प्रकारच्या फोटोंवर गंभीर लेखन झालं ते उशिरा. आफ्रिकेतल्या मालीची राजधानी बामाको इथं सेदू केइता यांनी १९४८ मध्ये स्टुडिओ काढला. त्यांच्या गिऱ्हाइकांनीही रेडिओ, घड्याळ, पेन, स्कूटर घेऊन फोटो काढवले. १९९१ साली ते फोटो न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लागले तेव्हा खाली छायाचित्रकाराचं नावसुद्धा नव्हतं. पुढे त्यांची जगभर वाहवा झाली. भारतापुरतं पाहायचं तर १९९७ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी ख्रिस्तोफर पिनी यांचं 'कॅमेरा इंडिका' आलं आणि गौतम राजाध्यक्ष यांचं 'फेसेस'ही आलं. व्यक्तिचित्राबद्दलच्या दोन टोकांच्या समजुती या दोन पुस्तकांत पाहायला मिळतात, म्हणून त्यांच्याकडे जरा थांबून पाहू.

पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा या कारखान्याच्या गावी राहून तिथले स्टुडिओ अभ्यासले. त्यांचा रोख असा की या फोटोंत माणसाचं 'अंतरंग' शोधायला जाऊ नये. गिऱ्हाइकाला आत काय आहे ते दाखवायचं नसतं. त्याला आहे त्यापेक्षा वेगळं, मोठं, दुसरं होऊन पाहायचं असतं. पडदा, वेशभूषा, एकाच माणसाला दोनदा दाखवणारी करामत, ही सगळी त्याची साधनं. हे निरीक्षण मला फार पटतं. कोट आणि पेनाचा अर्थ मला स्टुडिओत जाणवत होता, तो शब्दांत या पुस्तकानं मांडला.

राजाध्यक्ष (१९५०–२०११) दुसऱ्या टोकाला. रसायनशास्त्राचा पदवीधर, जाहिरातक्षेत्रातून आलेला, 'चंदेरी' मासिकाचा संपादक राहिलेला हा कलावंत मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे त्यांनी टिपले. त्यांच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं की त्यांनी चेहऱ्यामागचा माणूस पकडला. त्यांच्यावर टीका होते ती अशी, की त्यांच्या मऊ प्रकाशात सगळेच सुंदर दिसतात. धंद्यातला माणूस म्हणून मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. तो मऊ प्रकाश काही आपोआप पडत नाही. समोरचा माणूस निर्धास्त व्हावा म्हणून केलेली ती मेहनत आहे, आणि तो निर्धास्त होणं हाच त्या फोटोंचा विषय आहे. पण तिथे एक सवलतही होती. नटीचा चेहरा लोकांच्या ओळखीचा असतो आणि निवडायला भरपूर फ्रेम असतात. माझ्या यशिकामध्ये १२० च्या रोलवर बारा फ्रेम पडायच्या आणि त्या सहा गिऱ्हाइकांत वाटायच्या. माणसामागे दोन. पहिली डोळे मिटले तर दुसरी. त्यामुळे 'तो क्षण' पकडण्याची चैन आमच्याकडे नव्हती. आम्ही माणसाला आधी तयार करायचो, म्हणजे पाणी द्यायचं, गावच्या पावसाचं विचारायचं, हनुवटी अर्धा इंच खाली घ्यायला सांगायचं, आणि मगच बटण दाबायचं. माणसाचा श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आत, खांदे खाली येतात. धंद्यात शिकलेली ही माझी पहिली गोष्ट, आणि शेवटपर्यंत ती बदलली नाही.

दुसरा धडा उजेडाचा आणि कातडीच्या रंगाचा. पांढराशुभ्र फेटा, पांढरा सदरा आणि उन्हात रापलेला काळा चेहरा, हे आमच्याकडचं नेहमीचं गिऱ्हाईक. कपड्यांच्या हिशेबानं एक्स्पोजर दिलं तर चेहऱ्याचा डांबराचा गोळा होतो, चेहऱ्याच्या हिशेबानं दिलं तर फेट्याच्या घड्या जळतात. मार्ग एकच: चेहऱ्याला पुरेसा उजेड द्यायचा आणि फेट्यावरचा दिवा बाजूला घ्यायचा, प्रिंट करताना फेट्यावर थोडा जास्त वेळ. रंगीत फिल्म आली तेव्हा रोल सोलापूरच्या लॅबला पाठवावे लागत, आणि तिथून येणाऱ्या प्रिंटमध्ये आमची माणसं कधी राखेसारखी, कधी विटेसारखी दिसत. पुढे वाचनात आलं की कोडॅकनं लॅबना रंग जुळवण्यासाठी दिलेल्या नमुनापत्रावर अनेक दशकं गोरी बाई असे. त्या पत्राला 'शर्ली कार्ड'च म्हणत. यंत्राचा 'योग्य' चेहरा कुणाचा, हे अमेरिकेत आधीच ठरून गेलं होतं.

गिऱ्हाईकही 'जरा उजळ करा' म्हणायचं, विशेषतः मुलगी दाखवायच्या फोटोसाठी. इथे मी एक भेद पाळत आलो. चेहरा उजेडात आणणं माझं काम. तो गोरा करणं वेगळं. नाकाची कड, गालाचं हाड, डोळ्यातला दिव्याचा ठिपका स्पष्ट दिसला की बहुतेक वेळा 'उजळ'ची मागणी तिथेच थांबायची. लोकांना गोरेपणा हवा असतोच, तो नाही असं मी म्हणणार नाही. पण कितीतरी वेळा त्यांना हवं असायचं ते इतकंच, की आपला चेहरा काळ्या डागासारखा न दिसता चेहऱ्यासारखा दिसावा.

इथवर पिनी यांची मांडणी पुरते. माणूस जिवंत आहे, समोर बसला आहे, तो स्वतःला हवा तसा घडवतो आहे. ती अपुरी पडते ती फोटोचं दुसरं आयुष्य सुरू झाल्यावर. पिनी यांनी मृतांच्या फोटोंबद्दलही लिहिलं आहे, पण त्या फोटोंचा निवाडा वेगळ्याच कसोटीवर होतो, हा मुद्दा मला अधिक ठासून मांडावासा वाटतो. मराठवाड्यातल्या घरात भिंतीवर हार घातलेला जो फोटो असतो, तो क्वचितच त्यासाठी काढलेला असतो. तो लग्नातल्या ग्रुपमधून, बँकेच्या पासबुकावरून, यात्रेत तुळजापूरला काढलेल्या फोटोतून उचललेला असतो. बायकांच्या बाबतीत तर नेहमीच. पुरुषाचा एकट्याचा फोटो कशा ना कशासाठी निघायचा. बाईचा लग्नाआधी एक, लग्नात एक, आणि मग नवऱ्याशेजारी किंवा लेकरू मांडीवर घेऊन. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात एकटीचा एकही फोटो नाही, अशा कितीतरी बायका माझ्या नोंदवहीत आहेत. त्यांची नावं तिथे आली ती त्या गेल्यानंतर.

१९९३ या वर्षी हे सगळं एकदम समोर आलं. त्याच वर्षी निवडणूक आयोगानं मतदार ओळखपत्रं काढण्याचा निर्णय घेतला होता. पुढे त्या निमित्तानं खेड्यातल्या असंख्य बायका आयुष्यात पहिल्यांदा एकट्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. पण ती कार्डं गावात पोचायच्या आधीच, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारीचं नाव जगभर गेलं. आमच्या जिल्ह्यातलं, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूरही जमीनदोस्त झालं. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. हजारो माणसं गेली, आणि ज्या भिंतींवर फोटो होते त्याच भिंती पडल्या होत्या.

पुढचे कित्येक महिने लोक स्टुडिओत येत राहिले ते फोटो काढायला नव्हे. ते ढिगाऱ्यातून, पावसात भिजलेले, एकमेकांना चिकटलेले कागद घेऊन येत. दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडून मागून आणलेला लग्नाचा ग्रुप आणत आणि बोट ठेवत: 'ही.' त्या फोटोत चेहरा पाच मिलिमीटरचा. भिंतीवरच्या बारा बाय पंधरा इंची फोटोत तो किमान पाच इंचांचा हवा, म्हणजे पंचवीस पट. एवढं वाढवल्यावर नाक-डोळे उरत नाहीत, नुसते ठिपके उरतात. खरखरीत कागदावरचा मूळ फोटो असेल तर कागदाचीच जाळी चेहऱ्यावर येते. मग पेन्सिल, ब्रश, पातळ रंग. म्हणजे अर्धा चेहरा मीच काढायचा, मी कधीही न पाहिलेल्या बाईचा.

तिथे मला समीक्षा समजली. माझ्या हातच्या त्या फोटोत कला किती, प्रकाश कसा, याला काडीचाही अर्थ नव्हता. प्रश्न एकच: आला का? घरातलं उरलेलं माणूस फोटो हातात घ्यायचं आणि क्षणात सांगायचं. 'ही न्हाई.' 'हीच, पण व्हट जरा जाड व्हते.' त्यांना कोट, पडदा, पेन नको होता. अंतरंगही नको होतं. त्यांना ओळख पटायला हवी होती, आणि ओळख भलत्याच जागी असायची: एका भुवईच्या चढात, पदर कानामागे घेण्याच्या रीतीत. रोलां बार्थ या फ्रेंच लेखकाच्या १९८० च्या पुस्तकात आई गेल्यानंतर तिचे फोटो चाळण्याचा प्रसंग आहे. एकाही फोटोत ती सापडत नाही. शेवटी सापडते ती पाच वर्षांची मुलगी असतानाच्या फोटोत. तो फोटो बार्थ पुस्तकात छापत नाही, कारण इतरांना तो एक साधा जुना फोटोच वाटेल. सास्तूरकडून आलेल्या म्हातारीनं आणि पॅरिसच्या पंडितानं एकच गोष्ट सांगितली असं मला वाटतं. फरक इतकाच की बार्थला फोटो सापडला, आमच्या लोकांना तो घडवून घ्यावा लागला.

घडवताना खरा पेच कुंकवाचा यायचा. मूळ फोटो लग्नातला, कपाळावर ठसठशीत कुंकू. बाई गेली ती विधवा म्हणून. मुलगा म्हणायचा, कुंकू काढा, लोक काय म्हणतील. मुलगी म्हणायची, राहू द्या, आमच्या आईला आम्ही तशीच आठवतो. काउंटरवर बहीण-भाऊ भांडताना मी कितीदा पाहिले आहेत. यात खरं काय? मृत्यूच्या दिवशीची बाई की फोटोच्या दिवशीची? मी एक रीत ठरवून घेतली: मूळ फोटोत जे आहे ते पुसायचं नाही, जे नाही ते घालायचं नाही. पुसून हवं असेल तर दुसरीकडे करून मिळतं, हे मी सांगायचो. काही गिऱ्हाइकं गेली. मेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे रंगवून उघडे करण्याची पद्धत आमच्या धंद्यात सर्रास होती. तेही काम मी घेत नसे. ब्रशनं पुसलेली गोष्ट पुढच्या पिढीला दिसत नाही, आणि पुसली होती हेही कळत नाही. जॉन्सन यांच्या खंडातल्या माणसामागे दुसरीकडचा देखावा चिकटवणं आणि आईच्या कपाळावरचं कुंकू पुसणं, यांत हेतूचा फरक जमीन-अस्मानाचा आहे. पण दोन्हीकडे फोटोतल्या माणसाला न विचारता त्याच्याबद्दल ठरवलं गेलेलं असतं.

आमच्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून त्यांनी मडकं पक्कं की कच्चं ते सांगितलं आणि नामदेवांना राग आला. पोर्ट्रेटचा छायाचित्रकार स्वतःला गोरोबा समजतो: मी माणूस पारखतो, मी त्याचं आत काढून दाखवतो. चौतीस वर्षांनी माझं मत असं झालं आहे की थापटणं फोटो काढणाऱ्याच्या हाती नसतंच. ते घरातल्यांच्या हाती असतं, आणि मडकं म्हणजे आपला फोटो. स्वतःला हवं तसं दिसण्याचा हक्क माणसाला आहे तोवर त्याचं ऐकावं. तो गेल्यावर त्याला ओळखणाऱ्यांचं ऐकावं, पण त्याच्या वतीनं काही पुसू नये. राजाध्यक्षांचं कसब आणि पिनी यांची मांडणी या दोन्हींचं मोल मला मान्य आहे. व्यक्तिचित्राची समीक्षा मात्र प्रिंट घरी पोचल्यानंतर त्याचं काय झालं, हे विचारल्याशिवाय पुरी होत नाही.

हे विचारायचं तर साधनं शिल्लक हवीत. मोबाईल आल्यावर जिल्ह्यातले जुने स्टुडिओ एकामागून एक बंद झाले किंवा झेरॉक्सची दुकानं झाले. निगेटिव्हची पोती भंगारात गेली. फिल्ममधली चांदी काढून घेणारे लोक किलोच्या भावानं ती नेत. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय आहे. सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्तींचे चेहरे तिथे काचेमागे आहेत: केसांची रचना, कानातले दागिने, ओठांवरचं हसू, सगळं शाबूत. नावं मात्र एकाचंही नाही. आमच्या निगेटिव्हच्या पाकिटांवर नाव आहे, गाव आहे, तारीख आहे, किती प्रती नेल्या तेही आहे. ज्यांच्या माळ्यावर ती पाकिटं अजून पडून आहेत त्यांनी निगेटिव्ह आणि नोंदवही एकमेकांपासून वेगळी करू नयेत. वहीशिवाय निगेटिव्ह म्हणजे पुन्हा 'द पीपल ऑफ इंडिया': नुसता चेहरा, खाली एखाद्या समूहाचं नाव. माझ्या वह्या सोळा आहेत. त्यांतली नावं आणि पाकिटांचे क्रमांक जुळवण्याचं काम सध्या चालू आहे.